सासूबाईंची कंबर आणि माझा पाय

मी जन्माला आले ती पायांकडून. डोकं आधी यायचं सोडून पाय आधी आले, म्हणून मी पायाळू. आमच्याकडे पायाळू माणसाच्या पायात गुण असतो असं मानतात. कुणाच्या पाठीत उसण भरली, कंबर धरली, की पायाळूनं त्या जागी हलकी लाथ मारायची, म्हणजे उसण उतरते. मला कळायला लागलं तेव्हापासून मुलचेऱ्याच्या आमच्या घराच्या मागच्या दाराशी कुणी ना कुणी कंबरेवर हात ठेवून उभं असायचं. पुढच्या दाराशी कुणी येत नसे, कारण पुढच्या खोलीत वडील बसायचे.

वडील शाळामास्तर आणि या सगळ्याच्या कडक विरोधात. "धम्म घेतला, देव सोडले, ते काय पोरीचा पाय पुजासाठी?" असं ते आईला विचारायचे. आई म्हणायची, "पुजून कोण राह्यलं? लाथा तर मारून राह्यली थे."

मला मात्र मजा वाटायची. मोठ्या माणसांना लाथ मारायची आणि वर गूळ-शेंगदाणे मिळवायचे, असं भाग्य गावात दुसऱ्या कुठल्या पोरीच्या वाट्याला आलं होतं? जवळच्या बंगाली वसाहतीतले एक मासेवाले काका लाथ खाऊन झाली की पानात बांधून मासे ठेवून जायचे. त्या संध्याकाळी वडील तत्त्वावर फार बोलत नसत. काटे काढत जेवायचे.

पुढे मी डी.एड. केलं, राजुऱ्याजवळच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि राजुऱ्याचंच स्थळ सांगून आलं. मुलगा कोळसा खाणीत वजनकाट्यावर होता. पाहुणे आले, पोहे झाले. मुलगा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसला होता. त्याच्या आईनं मला ना स्वयंपाकाचं विचारलं, ना पगाराचं. एका कुशीवर रेलून बसल्या होत्या त्या, आणि त्यांनी सरळ वडिलांनाच विचारलं, "मास्तर, पोरगी पायाळू हाये म्हणते. खरं का?"

वडील ताठ झाले. "आहे. पण आम्ही ते मानत नाही."

"तुम्ही नका मानू," त्या म्हणाल्या. "पोरगी द्या फक्त."

लग्न ठरलं तेव्हा माझ्या मैत्रिणींनी विचारलं, काय पाहून पसंत केलं गं तुला? मी म्हटलं, पाय. त्यांना वाटलं, मी लाजून काहीतरी सांगते आहे.

सासूबाईंच्या कंबरेची कथा जुनी होती. धानोऱ्याजवळच्या आपल्या भावाच्या घरी सुगीच्या दिवसांत त्यांनी धानाचं पोतं उचललं आणि कंबरेत 'कट्' झालं. त्या वेळी त्या पंधरा दिवस आडव्या होत्या, मग उठल्या, पण दुखणं काही उठून गेलं नाही. माझं लग्न झालं तोवर त्या गोष्टीला कितीतरी वर्षं लोटली होती. वैदू झाले, तेलं झाली, गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. एका डॉक्टरनं सांगितलं, वय झालं. तेव्हा त्या पंचेचाळिशीच्याही नव्हत्या. म्हणून त्यांनी पायाळू सून आणली.

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी सकाळी त्या उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. दाराच्या चौकटीला दोन्ही हात, पाठ माझ्याकडे. "मार, बाई," त्या म्हणाल्या. "उपाशी पोटी हाये मी."

नवी सून मी. हातातला हिरवा चुडासुद्धा उतरला नव्हता. मी म्हटलं, "आई, असं कसं?"

"काऊन? मुलचेऱ्यात साऱ्या गावाले मारत होती म्हणे. मलेच कंजुषी?"

मी साडी सावरली आणि मारली. नेमकं त्याच वेळी समोरच्या घरातल्या चाची सडा टाकायला बाहेर आल्या. त्यांचं घर शिलाईवाल्यांचं. चाचा ब्लाउज शिवायचे आणि चाची हुक लावायच्या. सकाळच्या कोवळ्या उन्हात त्यांना काय दिसलं, तर नवी सून सासूला घराबाहेर लाथ मारते आहे आणि सासू चौकट धरून जीव वाचवते आहे. त्यांच्या हातची बादली खाली पडली.

"या अल्लाह! बहू सास को मार रही है!"

राजुऱ्याहून मुलचेऱ्याला जायला आष्टीला गाडी बदलावी लागते. बातमीला कुठेच बदलावी लागत नाही. चौथ्या दिवशी वडील दारात उभे. धुळीनं पांढरे झालेले, हातात पिशवी, चेहरा शाळेत निकाल वाचताना व्हायचा तसा. पाणीसुद्धा न घेता म्हणाले, "मी हे काय ऐकतो? तू सासूला लाथा मारतेस?"

सासूबाई आतून आल्या आणि प्रसन्नपणे म्हणाल्या, "मारते तं. लयच गुणाची पोरगी हाये तुमची. दोन दिवस कमर कशी हलकी हलकी होती."

वडील मटकन खाटेवर बसले. मला वाटलं, जीव भांड्यात पडला असेल. पण ते कपाळाला हात लावून म्हणाले, "भांडण झालं असेल, रागात मारली असेल असं समजून आलो होतो. ते तरी मला समजलं असतं! हे? अंधश्रद्धेपायी?"

दिवसभर त्यांचा आणि सासूबाईंचा वाद चालला. सासूबाईंचं एकच म्हणणं होतं, "मास्तर, देव सोडले आपण. लाथ थोडीच सोडली? लाथ काई देव नाई."  दुसऱ्या दिवशी परतायला निघताना, दोन बसचे धक्के खाऊन आल्यामुळे, त्यांचीच पाठ धरलेली होती. सासूबाईंनी नुसतं उंबऱ्याकडे बोट दाखवलं. वडील वाकलेल्या पाठीनं, पण ताठ मानेनं स्टँडकडे चालत गेले.

चाचींना खरं काय ते कळलं तेव्हा त्या खजील झाल्या. मग थोडा विचार करून म्हणाल्या, "तो मेरे को भी एक लगा दे ना, बेटी. सिलाई से गर्दन जाम हो जाती है." मानेवर लाथ मारायची पद्धत नव्हती. त्यांना मी कंबरेवरच दिली. त्या म्हणाल्या, वर चढत जाईल.

आता खरं सांगायचं तर लाथेचा गुण टिकेना. पहिल्यांदा रविवारची लाथ बुधवारपर्यंत पुरायची. मग सोमवारपर्यंत. मग गुरुवारचीही सुरू झाली, पुढे एक दिवसाआड. मग सासूबाईंनी शोध लावला की उजव्या पायापेक्षा डाव्या पायात जास्त गुण आहे. मग शोध लागला की मी शाळेत जायच्या घाईत मारते म्हणून लागू पडत नाही. "मन लावून मार," त्या म्हणायच्या.

आणि इकडे त्यांचं जग लहान लहान होत चाललं होतं. आधी जमिनीवर बसणं सुटलं. मग पाण्याची घागर सुटली, मग बाजार. धानोऱ्याला भावाकडे जाणं तर कधीच सुटलं होतं, इतक्या लांब बसमध्ये बसायचं कसं? नवरा माझा आईवेडा. उठल्या की म्हणायचा, "आई, पडून राह्य." वाकल्या की, "आई, मी देतो." घरात आम्ही तिघं राहायचो आणि चौथी कंबर. कंबरेला पंखा चालत नसे, कंबरेला गादी मऊ लागायची, कंबरेला टीव्ही डाव्या बाजूनं बघायचा असायचा, म्हणून आम्ही सगळेच मान वाकडी करून बातम्या बघायचो.

असं चालता चालता एका सकाळी ते घडलं. सासूबाई उंबऱ्यावर चौकट धरून उभ्या. मी मन लावून डावा पाय उचलला, आणि उजव्या पायावर तोल सावरताना माझ्याच पाठीत अशी कळ गेली की माझा श्वास अडकला. पाय ना खाली येईना, ना पुढे जाईना. मी जवळच्या कपाटाचा कोपरा पकडला.

"मार ना," सासूबाई म्हणाल्या.

"आई, माझीच उसण भरली."

"काय?" म्हणून त्या झटक्यानं वळल्या आणि त्यांची कंबर धरली. आता त्या चौकटीला लटकलेल्या अन् मी कपाटाला. दोघी आवाज लहान करून विव्हळत होतो. जोरात विव्हळलं तरी दुखत होतं. नवरा रात्रपाळीहून आला, तो दारातच थांबला. एक बायको एका पायावर, एक आई दारात आडवी. त्याला आत यायला वाटच नव्हती.

"कोणाले आधी सोडवू?" त्यानं विचारलं.

"मले," सासूबाई म्हणाल्या. "थे पायाळू हाये, थांबू शकते."

मला उसण भरली म्हणजे मला पायाळूची लाथ हवी. पण दुसरा पायाळू आणायचा कुठून? सासूबाईंनी दोन दिवस चौकशी केली. पलीकडच्या आळीतली एक म्हैस उलटी व्यायली होती, तिचं रेडकू पायाळू धरता येईल काय, असा विचारही त्यांनी गंभीरपणे मांडला. त्या रेडकाची लाथ मी गोठ्यात पाहिली होती. मी म्हटलं, मी चंद्रपूरला सरकारी दवाखान्यात जाते. सासूबाई म्हणाल्या, मग मीही येते, तिकिटाचं काय ते एकदाच होईल.

तिथे हाडांच्या डॉक्टरांनी आमचे एक्स-रे काढायला लावले आणि आम्हाला व्यायामाच्या विभागात पाठवलं. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होती, नागपूरची, चष्मा सारखा नाकावरून घसरणारी. तिनं आधी मला विचारलं, "कशानं झालं हे?"

"लाथ मारताना."

"कुणाला?"

मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी अभिमानानं मान हलवली. डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. तिला सगळी हकीकत सांगायला बराच वेळ लागला, कारण मधे मधे सासूबाई भर घालत होत्या. तिनं न हसता ऐकलं. फक्त तिचा चष्मा दोनदा पडला.

माझं दुखणं स्नायूचं होतं, ताजं होतं. ती म्हणाली, हिंडत-फिरत राहा, काही आठवड्यांत बरं होईल. आणि तसंच झालं. मग तिनं सासूबाईंचा एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाली, "मावशी, यात घाबरण्यासारखं काही नाही. वयाप्रमाणं ठीक आहे."

मला वाटलं सासूबाईंना आनंद होईल. त्यांचा चेहरा पडला, मग लाल झाला. "म्हंजे? मी का ढोंग करून राह्यली? इतले साल मी उगाच कण्हून राह्यली का?"

"नाही नाही," डॉक्टरीणबाईनं त्यांचा हात धरला. "दुखणं शंभर टक्के खरं आहे. जे लचकलं होतं ते केव्हाच भरून आलंय, एवढंच म्हणते मी. पण दुखण्याची खबर देणारी यंत्रणा असते ना शरीरात, ती सावध होऊन बसली आहे. मोटारीला चोरघंटा असते बघा. चोर नाही, पण मांजर टेकलं तरी वाजते."

"आमच्याकडे मोटार नाई," सासूबाई तुटकपणे म्हणाल्या. पण त्या विचारात पडल्या होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "म्हंजे आमच्या भावाच्या जागल्यावाणी का?"

"जागल्या म्हणजे?"

"धानाच्या वावरात मचाणीवर बसते थो राखणीले. रानडुकरं आले का टिनाचा डबा बडवते. एका साली डुकरायनं धानाची अर्धी बांधी खाल्ली. तवापासून त्याच्या मनात जे भेव बसलं! मंग बेंडकू कुदला तरी डबा. वारा आला तरी डबा. साऱ्या गावाची झोप गेली."

डॉक्टरीणबाई खुर्चीत पुढे सरकली. "अगदी तसंच! मग भावानं काय केलं त्याचं?"

"काहाडून टाकला असता. पण बायकोचा भाऊ होता थो."

"मग?"

"मंग भाऊ रोज त्याच्यासंग मचाणीवर बसे. आवाज झाला का म्हणे, थांब, बेंडकू हाये. पाह्य, काई झालं का? नाई झालं. असं करता करता सुधरला."

"मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाली, "तुमच्या जागल्यालाही असंच समजवायचं आहे. थोडं वाकायचं, त्याला दाखवायचं, पाहा, काही झालं नाही. थोडं चालायचं, पाहा, काही झालं नाही. पडून राहिलात तर तो म्हणेल, नक्कीच डुक्कर आहे."

सासूबाईंनी बराच वेळ त्या एक्स-रेकडे बघितलं, जणू त्यात कुठे मचाण दिसते का. मग विचारलं, "आन् लाथ?"

"बरं वाटतं का तिनं?"

"वाटते."

"मग असू द्या. पण यांनी एका पायावर उभं राहायचं नाही. खुर्चीत बसून नुसता पाय टेकवा पाठीला. आणि लाथेच्या भरवशावर चालणं सोडायचं नाही."

परतीच्या बसमध्ये सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या.  मग हळूच म्हणाल्या, "बाई, ऐकलं ना तू? खरं हाये म्हणाली थे. शंभर टक्के म्हणाली."

"ऐकलं, आई."

"तुया नवऱ्याले सांगजो. चाचीलेही सांगजो." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "मी सांगतलं तं चांगलं नाई दिसत."

दुसऱ्या दिवसापासून व्यायाम. त्यातला एक गुडघ्यावर आणि हातांवर ओणवं होऊन करायचा. पाठ वर उचलायची, मग खाली सोडायची, मांजर आळस देतं तशी. सासूबाईंनी आधी साफ नकार दिला. "या वयात मी मांजर होऊ?" मग मीही माझ्या पाठीसाठी ओणवी झाले, तेव्हा त्या तयार झाल्या. तर दोघी ओणव्या असताना चाची हुकांची डबी घेऊन आत आल्या. आम्हाला बघितलं आणि काहीही न विचारता लगबगीनं त्याही गुडघ्यावर आल्या.

"क्या गिरा? कान का झुमका?" म्हणत त्या खाटेखाली शिरल्या.

आम्ही सांगेपर्यंत त्यांनी खाटेखालून एक जुनं झाकण, माझा हरवलेला खडूचा खोका आणि नवऱ्याचा एक मोजा बाहेर काढला होता. त्या दिवसापासून त्याही रोज येऊ लागल्या. आमच्या घरात सकाळी तीन मांजरं असायची आणि नवरा रात्रपाळीहून आला की दारातून खाकरून आत यायचा.

चालणं असं होतं की दुखायला लागायच्या आधी परत फिरायचं. पहिल्यांदा सासूबाईंची धाव समोरच्या कडुनिंबापर्यंत होती. मग पिठाच्या चक्कीपर्यंत. चक्कीवाला रोज विचारायचा, "काय दळाचं हाये?" आणि सासूबाई रोज सांगायच्या, "काई नाई, जागल्याले फिरवून राह्यली." शेवटी त्यानं विचारणंच सोडलं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. एके दिवशी कंबर जराही बोलेना. सासूबाईंना इतका हर्ष झाला की मी शाळेतून येईपर्यंत त्यांनी घरातल्या सगळ्या गोधड्या धुऊन दोरीवर टाकल्या होत्या. नंतर चार दिवस त्या हलू शकल्या नाहीत. गोधड्या सगळ्या वाळत, म्हणून झोपायला त्यांना चाचींकडची आणावी लागली. रडल्याही. म्हणाल्या, सारं पाण्यात गेलं. डॉक्टरीणबाईनं पुढच्या वेळी समजावलं की चांगल्या दिवशी सगळं उरकायचं नाही आणि वाईट दिवशी सगळं सोडायचं नाही. वाईट दिवशीसुद्धा निंबापर्यंत जायचंच, परत येऊन पडायचं असेल तर पडा. सासूबाईंना हे गोळीपेक्षा कडू लागलं, पण त्यांनी ते घेतलं.

आणि मग एका उन्हाळ्याच्या तोंडी त्यांनी जाहीर केलं, "मी धानोऱ्याले जाते. मोह वेचाले."

नवऱ्यानं तोंड उघडलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मिटलं.

आम्ही दोघी निघालो. कंबरेमागे घडी केलेली शाल ठेवायची आणि गाडी थांबेल तिथे उतरून चार पावलं चालायचं. गडचिरोलीच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. तिथे सासूबाईंनी एका खांबाला दोन्ही हात टेकले आणि पाठ वर-खाली करायला सुरुवात केली. बघता बघता माणसं जमली. कुणी म्हणालं, झटका आला. एका कनवाळू माणसानं पिशवीतून कांदा काढून फोडला आणि सासूबाईंच्या नाकाला लावला. दुसरा आपली चप्पल काढायला वाकला, तेव्हा सासूबाई ओरडल्या, "चप्पल कोणी लावली तं पाह्यजो! व्यायाम करून राह्यली मी!" माणसं पांगली. कांदा सासूबाईंनी ठेवून घेतला.

मामांच्या घरी, म्हणजे सासूबाईंच्या भावाकडे, आमचं स्वागत मोठं झालं. कितीतरी वर्षांनी बहीण आली होती. मामा म्हणाले, "तू घरीच बस. मोह आम्ही वेचतो. तुई कमर..."

"कमर घेऊनच येते मी," सासूबाई म्हणाल्या. "तिलेही वारा लागू दे."

मोहाची फुलं पहाटे गळतात. अंधार विरत असतानाच आम्ही टोपल्या घेऊन निघालो. मामा बैलबंडी रस्त्याच्या कडेला सोडून बैल बांधायला मागे थांबले. सासूबाई आणि मी पुढे. झाडाखाली पोहोचण्याआधीच वास आला, गोड, जड, डोक्यात चढणारा. आणि झाडाखाली कुणीतरी काळी घोंगडी पांघरून बसलेलं दिसलं. आमच्याकडे पाठ. आमच्या झाडाची फुलं उचलून उचलून खात होतं.

सासूबाईंचं डोकं फिरलं. त्या कंबरेवर हात ठेवून कडाडल्या, "कोण हाये बे थो? दुसऱ्याच्या झाडाखालचे मोह खासाले लाज नाई वाटत? कोणाचा होय तू?"

घोंगडीनं मान वळवली. त्या तोंडाला लांब थुतर होतं.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. "अवो माय!" असा आवाज झाला. एक टोपली हवेत गेली. मी पळायला सुरुवात केली तेव्हा माझ्यापुढे सासूबाई पळत होत्या, लुगडं गुडघ्याच्या वर, एक चप्पल कुठेतरी मागे. बंडीपाशी त्या कधी पोहोचल्या, चाकावर पाय कधी दिला, वर कधी गेल्या, मला कळलंच नाही. मी धडपडत चाकाशी पोहोचले तेव्हा वरून एक हात आला आणि त्यानं मला दंडाला धरून असं वर खेचलं की मी बंडीत उताणी पडले. तो हात, जो कैक वर्षांत भरलेली घागर उचलत नव्हता.

मामा काठी आपटत धावत आले. मोठ्यानं ओरडले. मग थांबले आणि जंगलाकडे बोट दाखवून हसू लागले. अस्वल आमच्या उलट दिशेनं, आमच्याइतक्याच जोरानं पळालं होतं.

"तुया आवाजाले भेलं थे," मामा बहिणीला म्हणाले. "मीही भेलो होतो लहानपणी."

सासूबाई बंडीत मांडी घालून बसल्या होत्या. मांडी! धापा टाकत होत्या. आणि अचानक त्यांचा हात मागे गेला.

"कमर!" त्या म्हणाल्या.

"दुखते का, आई?"

त्यांनी थोडं इकडे, थोडं तिकडे वळून पाहिलं. "नाई ना! दुखूनच नाई राह्यली! कुठी गेली?" मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "बाई, आता समजलं मले. जागल्या बेंडकासाठी डबा वाजवते. आन् खरं अस्वल आलं तं साऱ्यात आधी थोच मचाणीवरून उतरून पळाला!"

हसता हसता आम्हाला बंडीतून खाली उतरता येईना. मामांनी दोघींना उतरवलं आणि मग आम्ही वेचायला गेलो. अस्वलानं पुष्कळ शिल्लक ठेवलं होतं.

दुपारनंतर मात्र सगळं अंग बोलायला लागलं. पाय, दंड, मान आणि अर्थातच कंबर. माझी भीती अशी की आता पुन्हा गोधड्यांसारखं होणार. पण सासूबाईंनी गरम पाण्याची पिशवी घेतली, थोडं मांजर केलं, विहिरीपर्यंत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "दुखू दे. पळाली हाये मी. पळालं का दुखतेच."

डॉक्टरीणबाईला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिनं चष्मा काढून टेबलावरच ठेवला, कारण तो आता राहणारच नव्हता. हसून झाल्यावर म्हणाली, असं होतं. जीव वाचवायचा असतो तेव्हा डोकं दुखण्याला म्हणतं, नंतर ये. यावरून समजायचं की दुखणं हे काही इजेचं माप नाही. "पण मावशी, अस्वल रोज आणता येणार नाही. चालणं रोज करा."

"अस्वलापेक्षा तुमच्या येरझारा बऱ्या," सासूबाई म्हणाल्या.

दुखणं गेलं नाही, हे सांगायला हवं. थंडीत वाढायचं, काळजीत वाढायचं, लांबच्या प्रवासानं वाढायचं. पण आता ते घरातला चौथा माणूस राहिलं नव्हतं. पाहुण्यासारखं यायचं, दोन दिवस राहायचं, तोंड वाकडं करून जायचं. टीव्ही आम्ही पुन्हा भिंतीच्या मधोमध ठेवला.

त्यानंतर दोन-तीन उन्हाळ्यांनी मामांच्या मुलीचं लग्न निघालं. मांडवात सगळ्या बायका जमिनीवर सतरंजीवर बसल्या होत्या. सासूबाईंना फार वेळ एका जागी बसवत नसे, म्हणून त्या दर थोड्या वेळानं उठायच्या आणि मागे हात बांधून मांडवाला एक फेरी घालायच्या. वंदना सुरू असताना एक फेरी. भाषणं सुरू असताना दोन, कारण भाषणं लांबली होती. नवरदेवाकडच्या लोकांनी पाहिलं की एक बाई सगळीकडे फिरून बारीक नजरेनं बघते आहे. त्यांना वाटलं, कारभार हिच्याच हातात दिसतो. एकानं येऊन विचारलं, गाड्या कुठे लावू? सासूबाईंनी चिंचेकडे हात केला. दुसऱ्यानं विचारलं, वऱ्हाडी किती वाजता जेवायला बसवायचे? सासूबाई म्हणाल्या, लेकरं आधी.

मामा माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "हा कारभार कोणं देल्ला तिले?"

"कमरेनं," मी म्हटलं.

मांडवामागे चुलाणावर मोठी गंजं चढली होती. सासूबाई तिथवर पोहोचल्या, तसा आचारी घाम पुसत उठून उभा राहिला. पळीत थोडी भाजी घेऊन त्यानं त्यांच्यापुढे धरली.

"बाई, मीठ पाह्यता का जरा?"

सासूबाईंनी चव घेतली, डोळे मिटले, विचार केला. "मिठाचं बरोबर हाये," त्या म्हणाल्या. "तिखट कमी हाये. आन् भात आत्ताच नको टाकू. माह्या दोन फेऱ्या बाकी हायेत."